पेंढ्याचं घर बांधावं का? आम्ही मांडलेला हिशेब

पेंढ्याच्या गठ्ठ्यांचं घर बांधायचा विचार आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोन गोष्टी विचारतो. आग लागली तर? आणि उंदीर शिरले तर? आमच्या आईने हेच विचारलं, इंजिनीअरने हेच विचारलं आणि कर्ज देणाऱ्या संस्थेतल्या अधिकाऱ्यांनीही हेच विचारलं. दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्हींना उत्तरं आहेत. पण आमचा निर्णय शेवटी ज्यावर ठरला, ते कुणीच विचारलं नव्हतं, ते म्हणजे पाणी. म्हणून मी इथे पाण्याबद्दल जास्त लिहिणार आहे. असं घर बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाने बाकी सगळ्याच्या आधी हाच हिशेब करावा, असं मला कळकळीने वाटतं.

आधी थोडक्यात, हे घर म्हणजे नेमकं काय. गहू, भात, जव अशा पिकांचं धान्य झोडून घेतल्यावर जे काड उरतं, ते यंत्रात दाबून, दोरीने बांधून त्याचे चौकोनी गठ्ठे करतात. दोन दोऱ्यांचा नेहमीचा गठ्ठा साधारण ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ३५ उंच असतो. हे गठ्ठे विटांसारखे सांधेमोड करत रचायचे आणि दोन्ही बाजूंनी मातीचा किंवा चुन्याचा जाड गिलावा करायचा. जनावरांना घालायचं वाळलेलं गवत यासाठी चालवू नये. त्यात पानं असतात, बी असतं, पोषण असतं, त्यामुळे ते लवकर कुजतं आणि उंदरा-किड्यांनाही हवंसं वाटतं. काडात खाण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं, आणि घराच्या दृष्टीने तीच त्याची मोठी जमेची बाजू आहे. त्यातही भाताच्या काडात सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो कठीण घटक, बरीच असते, म्हणून ते कुजायला आणखी वेळ लागतो.

या पद्धतीची सुरुवात गरजेतून झाली. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात वाळूच्या टेकड्यांचा मोठा पट्टा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे वस्तीला आलेल्या लोकांकडे लाकूड नव्हतं आणि जमीन इतकी रेताड, की मातीच्या ढेकळांची घरंही धड उभी राहीनात. गठ्ठे बांधायची यंत्रं मात्र तोवर आलेली होती. मग त्यांनी कुरणातल्या गवताचे गठ्ठे रचून त्यांवरच छप्पर टेकवलं. त्याच राज्यात आर्थर नावाच्या गावात १९२८ साली गठ्ठ्यांच्या भिंतींचं चर्च बांधलं, ते आजही उभं आहे. फ्रान्समध्ये मोंतार्जी इथे एमील फोयेत या इंजिनीअरने १९२० साली वेगळी वाट धरली. भार लाकडी सांगाड्यावर टाकला आणि पेंढा फक्त सांगाड्यात भरला. तेही घर शंभरी ओलांडून उभं आहे. आजही मुख्य पद्धती याच दोन आहेत: भिंतीनेच छप्पर पेलायचं, किंवा सांगाड्याने पेलायचं आणि पेंढा मध्ये भरायचा.

आम्हाला या घराची ओढ लागली ती उष्णतेमुळे. आम्ही आजवर ज्या घरांत राहिलो त्यांच्या भिंती दिवसभर तापायच्या आणि रात्रभर ती धग खोलीत सोडायच्या. पेंढ्याच्या भिंतीत असंख्य पोकळ्यांत हवा अडकलेली असते, त्यामुळे उष्णता पलीकडे जायला फार वेळ घेते. इथे मात्र वाचताना जपून वाचावं लागतं. उष्णतेला होणारा विरोध 'आर' मूल्यात मोजतात; आकडा जितका मोठा, तितकी उष्णता जास्त अडते. पूर्वी पेंढ्याच्या भिंतीचं हे मूल्य ५० च्या घरात असल्याचं बरंच छापून आलं आणि ते अजूनही फिरत असतं. १९९८ साली अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत गिलावा केलेली पूर्ण भिंत उभी करून मोजली, तेव्हा मूल्य आलं २७.५. म्हणजे जवळपास निम्मं. तरीही ते साध्या विटांच्या भिंतीच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे मला त्यात निराश होण्यासारखं काही दिसलं नाही. त्याच प्रयोगशाळेतल्या आधीच्या एका चाचणीत मूल्य याहूनही बरंच खाली आलं होतं, कारण गठ्ठे आणि आतल्या तक्त्यांच्या मध्ये पोकळी राहिली होती आणि तिच्यातून हवा खेळत होती. हे वाचल्यावर आमच्या वहीत पहिली अट लिहिली गेली: गिलावा थेट पेंढ्यावर बसला पाहिजे आणि कुठेही फट राहता कामा नये.

कागदावरचं वाचून झाल्यावर आम्ही अशा एका घरात जाऊन आलो. ज्यांचं घर होतं ते दांपत्य त्यात बरीच वर्षं राहत होतं. आत शिरल्यावर आधी जाणवते ती शांतता. बाहेर ट्रॅक्टर चालू होता, दार लावलं आणि त्याचा आवाज जवळजवळ बंद झाला. खिडक्यांच्या कोनाड्यांत एक माणूस आरामात पाय पसरून बसेल एवढी खोली होती. भिंतीच्या कडा गोलसर, हाताने घासून आणलेल्या, आणि दुपारच्या भर उन्हातही त्यांच्या आतल्या पृष्ठभागाला हात लावला तर गार. माझा नवरा तिथेच मनाने राहायला गेला होता.

मग त्या बाईंनी आपणहून आम्हाला मागच्या बाजूला नेलं. पावसाच्या तोंडावर असलेल्या एका खिडकीखाली गिलाव्याचा रंग निराळा होता, साधारण दोन हात रुंदीचा पट्टा. "इथे आम्ही भिंत उघडली होती," त्या म्हणाल्या. खिडकीच्या चौकटीखाली पाणी अडवणारा थर नीट वळवून घेतलेला नव्हता. पाऊस आला की चौकटीच्या कोपऱ्यातून थेंब थेंब आत जायचा आणि गिलाव्यामागे उतरत राहायचा. बाहेरून काही दिसत नव्हतं. शेवटी आतल्या गिलाव्यावर तळहाताएवढा काळपट डाग उठला, तेव्हा कळलं. त्यांनी काढून ठेवलेला त्या वेळचा पेंढा एका डब्यात होता, तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला. वरच्या गठ्ठ्यातला पेंढा सोनेरी, कडक, मोडला तर कट्‌ आवाज करणारा. खालचा काळा, बोटांत धरला की चुरा होणारा, आणि इतक्या वर्षांनीही त्याला ओल्या मातीसारखा वास होता. दोन्ही एकाच भिंतीतले, त्यांच्यात जेमतेम दोन फुटांचं अंतर. "वरचं सगळं असंच कोरडं निघालं," त्या म्हणाल्या, "म्हणून घराला आम्ही दोष देत नाही. दोष त्या कोपऱ्याचा." कुजलेले गठ्ठे काढून नवे कोंबले, गिलावा पुन्हा केला आणि खिडकीवर छज्जा काढला. त्यानंतर तिथे डाग उठलेला नाही.

त्या डब्याने आमच्या विचारांची दिशा ठरली. पेंढा ओला होणं आणि पेंढा ओला राहणं यांत फरक आहे. गठ्ठ्यातला ओलावा वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीला वाढायला पुरेसं पाणी मिळत नाही. थोडा काळ ओलावा वर गेला आणि भिंतीला सुकायची वाट मिळाली, तर बहुधा काही बिघडत नाही. बिघडतं ते पाणी आत येत राहिलं आणि बाहेर पडायला जागा नसली की. म्हणूनच माती आणि चुन्याचे गिलावे इथे महत्त्वाचे आहेत, कारण त्यांच्यातून वाफ आरपार जाते. सिमेंटचा गिलावा कडक असतो, त्याला बारीक चिरा पडतात, चिरांतून पावसाचं पाणी आत शिरतं आणि वाफेला मात्र तो सहज बाहेर सोडत नाही. ज्यांना सिमेंट म्हणजे पक्कं काम असं वाटतं त्यांना हे उलटं वाटेल, पण या भिंतीसाठी तो 'पक्का' गिलावा घातक ठरू शकतो. रंगाचंही तसंच. प्लास्टिक पेंटचा एक हात दिला तरी चांगल्या गिलाव्यावर पाणी पडलं म्हणायचं.

पाणी चार वाटांनी येतं, आणि आम्ही चारही वाटा स्वतंत्र तपासल्या. खालून येणाऱ्या पाण्याचं उत्तर जोतं. गठ्ठ्यांचा पहिला थर बाहेरच्या जमिनीपासून चांगला वर हवा, एवढं बहुतेकांना माहीत असतं. तो आतल्या फरशीपेक्षाही थोडा वर हवा, हे कमी जणांच्या लक्षात येतं. नळ फुटला, बादली सांडली, मशिनची नळी सुटली, तर पाणी फरशीवर पसरतं आणि भिंतीच्या बुडाशी जातं. पहिला थर थेट फरशीच्या पातळीवर असेल तर तेवढ्याने खालचे गठ्ठे भिजतात. म्हणून जोत्यावर दोन समांतर लाकडी पट्ट्या बसवून, त्यांच्या मध्ये खडी भरून, त्यावर पेंढा ठेवतात. वरून येणाऱ्या पाण्याचं उत्तर छप्पर. सांगाड्याच्या घराचा मोठा फायदा इथे कळतो. छप्पर आधी उभारता येतं आणि गठ्ठे त्याच्या सावलीत, कोरड्यात रचता येतात. भिंतीवरच छप्पर टेकणार असेल, तर छप्पर चढेपर्यंत प्रत्येक ढगाकडे बघत बसायचं.

तिसरी वाट बाजूने येणाऱ्या पावसाची, आणि आमच्या जागेवर खरी अडचण तीच होती. जागा उघड्यावर आहे आणि एका दिशेने वारा पावसाला आडवा आणतो. लोक सांगतात, वळचण चांगली मीटरभर काढा, काही होत नाही. मी कागदावर भिंत काढून पाहिली. पाऊस ४५ अंशांनी तिरका आला तर एक मीटर वळचण भिंतीचा वरचा एकच मीटर झाकते. तीन मीटर उंच भिंतीचा खालचा दोन मीटर भाग भिजतोच. गिलावा चांगला असेल तर एखाद्या सरीने काही होणार नाही, पण दिवसेंदिवस तसाच मारा होत राहिला तर भिंतीला सुकायला उसंत कुठे मिळणार? म्हणजे त्या बाजूला नुसती वळचण पुरणार नव्हती. रुंद पडवी हवी होती, नाहीतर ती भिंत पेंढ्याची नसायला हवी होती.

चौथी वाट हवेतल्या वाफेची. थंड प्रदेशात घरातली दमट हवा भिंतीतल्या फटींतून बाहेर निघते आणि बाहेरच्या थंड थराजवळ तिचं पाणी होतं. उष्ण-दमट प्रदेशात एअर कंडिशनर चालवला की हेच उलट्या दिशेने घडतं. बाहेरची दमट हवा आत येऊ पाहते आणि आतल्या थंड पृष्ठभागामागे पाणी धरतं. त्यात आतून वाफ न सोडणारा रंग लावलेला असेल, तर सुकायचा रस्ताच बंद. जिथे वर्षातले बहुतेक महिने हवा दमट असते आणि घर यंत्राने सतत गार ठेवायचं असतं, तिथे मी या भिंतीच्या भानगडीत पडणार नाही. ज्यांना उत्साहाने सल्ले द्यायचे असतात ते हे सांगत नाहीत, म्हणून मी स्पष्ट लिहिते आहे.

आता आग आणि उंदीर. सुटा पेंढा भराभर पेटतो यात वाद नाही. बांधकाम चालू असताना जागेवर पसरलेला भुसा हाच सगळ्यात मोठा धोका असतो. तो रोज झाडून लांब न्यायचा आणि वेल्डिंग-ग्राइंडिंगची कामं गठ्ठे येण्याआधी उरकायची. दाबलेल्या आणि दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या भिंतीची गोष्ट वेगळी आहे. आत हवाच पुरेशी नसते, त्यामुळे ज्वाळा पसरत नाहीत. अमेरिकेतल्या प्रमाणित चाचण्यांत मातीच्या गिलाव्याची भिंत तासभर आणि चुना-सिमेंटच्या गिलाव्याची दोन तास टिकली. उंदरांचं उत्तर गिलाव्यातच आहे: अडीच-तीन सेंटिमीटर जाड, सलग, आणि छपराशी व जोत्याशी जिथे भिंत मिळते तिथे फट न सोडलेला. वाळवीचा बंदोबस्त मात्र जोत्यातच करावा लागतो. वाळवी ज्यावर जगते ते लाकडातलं सेल्युलोज काडातही असतंच, तेव्हा वाळवी पेंढ्याला तोंड लावत नाही या भरवशावर कुणी राहू नये. आईला मी हे सगळं असंच सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर?" हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. या भिंतीत मनाला येईल तिथे खिळा बसत नाही. कपाट, फळी, आरसा कुठे येणार हे आधी ठरवून त्या जागी गठ्ठ्यांमध्ये लाकडी ठोकळे बसवून घ्यावे लागतात. विजेच्या वायरी पाइपातून, गठ्ठ्यात खाच पाडून नेता येतात. पाण्याचे पाइप पेंढ्याच्या भिंतीतून न्यायचेच नाहीत.

जागेचा हिशेब आमच्या घरी सगळ्यात जास्त वाद घालून गेला. आमच्या नकाशात घराची बाहेरची मापं ९ मीटर बाय ११ मीटर होती, म्हणजे ९९ चौरस मीटर. विटांची २३ सेंटिमीटरची भिंत धरली तर आत सुमारे ९० चौरस मीटर मिळतात. गठ्ठा आडवा ठेवला आणि गिलावा धरून भिंत ५२ सेंटिमीटरची झाली, तर ७९ च उरतात. जवळपास ११ चौरस मीटर, म्हणजे एक आख्खी खोली भिंतींनी खाल्ली. "ज्या खोलीत झोपायचं तीच भिंतीत घालवायची का?" हा नवऱ्याचा प्रश्न होता आणि मला तो टाळता येत नव्हता. गठ्ठे काठावर उभे केले तर भिंत ४२ सेंटिमीटरवर येते आणि साडेतीन चौरस मीटर परत मिळतात. तसे ठेवले की काड्यांची दिशा बदलते, त्यामुळे दर सेंटिमीटरमागे उष्णता अडवायची ताकद वाढते आणि बारीक झालेली भिंत जवळपास तेवढंच काम करते. पण उभे गठ्ठे भार पेलायला योग्य नाहीत आणि त्यांच्या गुळगुळीत तोंडावर गिलावा धरायलाही त्रास होतो. मोठा प्लॉट असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. लहान प्लॉट असेल तर याच एका कारणासाठी कुणी नको म्हटलं, तरी मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

भार कुणी पेलायचा हे आमच्या इंजिनीअरने ठरवलं. गठ्ठ्यांची भिंत भाराखाली दबते, सगळीकडे सारखी दबेलच असं नाही, आणि गिलावा करण्याआधी तिला बसायला वेळ द्यावा लागतो. ते म्हणाले, "मला ज्याचं गणित मांडता येतं त्यावर मी सही करीन. सांगाडा द्या, सही देतो." भूकंपाबद्दल मात्र त्यांनाच पेंढ्याचं कौतुक वाटलं. भिंत हलकी आणि लवचीक असल्याने हादऱ्यात तिच्यावर येणारा जोर कमी असतो. पाकिस्तानात २००५ सालच्या भूकंपानंतर कमी खर्चात बांधता येतील अशी गठ्ठ्यांची घरं विकसित झाली आणि २००९ मध्ये नेवाडा विद्यापीठाच्या कंपनमंचावर तसं पूर्ण आकाराचं घर हलवून पाहिलं. ते नुकसान सोसूनही कोसळलं नाही. तरी आम्ही सांगाड्याचीच वाट धरली, कारण पावसाचं भय आणि इंजिनीअरची सही या दोन्हींचं उत्तर त्यात होतं.

परवानगीबद्दल थोडंच सांगते, कारण प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे. अमेरिकेच्या घरबांधणीच्या आदर्श संहितेत २०१५ पासून गठ्ठ्यांच्या भिंतींसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. तुमच्याकडच्या नियमांत याचा उल्लेख नसला तरी अधिकाऱ्यांसमोर ठेवायला ते चांगलं कागदपत्र आहे. आम्ही अर्जात 'लाकडी सांगाडा, त्यात उष्णतारोधक भरणा' असं लिहिलं, आणि ते शब्दशः खरंही आहे. कर्ज आणि विम्याची चौकशी जागा घेण्याआधी करावी. एका संस्थेने आम्हाला नकार दिला. पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकंही कमीच मिळतील, हे गृहीत धरलेलं बरं.

खर्चाबद्दल मात्र बरंच बोलायला हवं, कारण 'पेंढा तर फुकट मिळतो' हे वाक्य मी नको इतक्यांदा ऐकलं आहे. घराच्या खर्चात बाहेरच्या भिंतींचा वाटा तसा लहानच असतो. पाया, छप्पर, दारं-खिडक्या, नळ, वीज, फरशी यांतलं काहीही पेंढ्यामुळे स्वस्त होत नाही. उलट जाड भिंतीमुळे पाया रुंद होतो आणि वळचण मोठी ठेवल्याने छप्पर वाढतं. पेंढा स्वस्त आहे, गिलावा नाही. आमच्याच मापांचा हिशेब बघा. घराचा घेर ४० मीटर, उंची ३ मीटर, दारं-खिडक्या वजा करून भिंत सुमारे १०० चौरस मीटर. एवढ्या भिंतीला गठ्ठे सव्वातीनशेच्या आसपास लागतात आणि त्यांचं वजन होतं साधारण ५ टन. आत-बाहेर मिळून २०० चौरस मीटरला ३ सेंटिमीटर गिलावा म्हणजे ६ घनमीटर माल, वजन दहा टनांच्या पुढे. म्हणजे पेंढ्याच्या दुप्पट वजनाचा चिखल मळायचा, वर चढवायचा, तीन थरांत हाताने दाबून बसवायचा. पहिला थर तर बोटांनी काड्यांमध्ये रेटावा लागतो, त्याशिवाय तो पकड घेत नाही. हे काम माणसं खाणारं आहे. मजुरी देऊन करायचं तर भिंतीतली बचत इथे संपते. घरची माणसं आणि मित्र राबणार असतील तरच हिशेब खाली येतो, आणि ते सगळे किती आठवडे टिकतील याचा अंदाज प्रत्येकाने आपापला बांधावा. पुढेही चुन्याचे हात अधूनमधून द्यावे लागणार, चिरा वेळीच बुजवाव्या लागणार. जिथे महिनोन्‌महिने कुणी राहणार नाही आणि गळतीकडे कुणाचं लक्ष नसेल, तिथे हे घर बांधू नये.

मग एवढं सगळं करून बांधायचं कशासाठी? गारवा आणि शांतता यांबद्दल लिहिलंच. दुसरं कारण मला तितकंच मोलाचं वाटतं. काडाच्या कोरड्या वजनात सुमारे ४० टक्के कार्बन असतो. आमच्या ५ टन पेंढ्यात म्हणजे सुमारे २ टन कार्बन, जो पिकाने हवेतून ओढला आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचं तर सात टनांहून थोडा जास्त. शेतात हा पेंढा जाळला असता तर तो लगेच हवेत गेला असता. घर उभं असेपर्यंत तो भिंतीत राहतो. आणि विटा भाजायला जे इंधन जळतं तेही त्या भिंतींपुरतं वाचतं. पायातल्या सिमेंटने यातलं काही परत खर्च होतं, तेही मी हिशेबात धरलं. तरीही पारडं पेंढ्याकडे झुकतं.

हे सगळं मांडून झाल्यावर गठ्ठे बघायला गेलो. ज्यांच्याकडे गेलो ते काका भले गृहस्थ. पेंढा बघा, कसा सोन्यासारखा आहे म्हणाले, आणि खरंच दिसायला सुंदर होता. गठ्ठा दोरीला धरून उचलून पाहिला, मधे वाकला नाही. दोरीखाली दोन बोटं घालून पाहिली, कष्टाने गेली. म्हणजे दाब चांगला होता. घनता दर घनमीटरला १०० किलोच्या वर असावी लागते, तीही वजन करून पाहिली. मग लांब सळईचं ओलावा मापायचं मीटर गठ्ठ्याच्या पोटात खुपसलं. बहुतेक ठिकाणी १२, १३, १४ असे आकडे आले. भिंतीलगतच्या ओळीत मात्र एकदम २४ आणि २६. काका म्हणाले, "अहो, हात लावून बघा, कोरडा खडखडीत आहे." वरून होताच. तो पेंढा पाऊस पडून गेल्यावर बांधलेला होता, बाहेरचा थर सुकला आणि पोटात ओल राहिली. मी काकांना सळईचं टोक दाखवलं, त्याला ओला भुसा चिकटला होता. त्यांनी काही न बोलता ती ओळ बाजूला काढायला माणसाला सांगितलं. मीटर जवळ नसेल तर गठ्ठे घ्यायला जाऊच नये, या मताची मी तेव्हापासून झाले.

शेवटी ठरलं ते असं. घर एकमजली, लाकडी सांगाड्यावर. पावसाच्या तोंडची भिंत विटांची आणि तिच्यापुढे अडीच मीटर रुंद पडवी. न्हाणीघर, संडास आणि स्वयंपाकघराचा ओटा सगळे त्याच विटांच्या बाजूला, म्हणजे पाण्याचा एकही पाइप पेंढ्यापर्यंत पोहोचत नाही. विटांची भिंत उष्णता कमी अडवेल, पण पडवीच्या सावलीमुळे तिच्यावर ऊनही कमी पडेल, तेवढं आम्ही सोसायचं ठरवलं. उरलेल्या तीन बाजू पेंढ्याच्या, गठ्ठे काठावर उभे, बाहेरून चुन्याचा आणि आतून मातीचा गिलावा. प्रत्येक खिडकीवर छज्जा आणि खिडकीखालचा पाणी अडवणारा थर गिलावा व्हायच्या आधी इंजिनीअरने स्वतः बघायचा. प्रत्येक पेंढ्याच्या भिंतीत खालच्या थरात एक नळी सोडायची, तिच्यातून मीटरची सळई आत जाईल आणि डाग उठायची वाट न बघता ओलावा मोजता येईल.

करारात आम्ही एक अट आग्रहाने घालून घेतली. त्या हंगामाचे गठ्ठे मीटरवर कोरडे निघाले नाहीत, तर सांगाडा आणि छप्पर उभं करून काम थांबवायचं आणि पुढच्या पिकाची वाट बघायची. कंत्राटदाराला ती मान्य नव्हती, थांबलेल्या कामाचे पैसे कोण देणार असं त्याचं म्हणणं. ते आम्ही द्यायचं कबूल केलं आणि तसं लिहून दिलं.